रिपोर्ट नॉर्मल होता, मग अटॅक का आला? खवट कोलेस्ट्रॉल आणि ते गिळणाऱ्या पेशी

केज तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. वडील ५२ वर्षांचे, शेती करतात, अंगानं सडपातळ. गेल्या वर्षी तपासणी केली तेव्हा एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्ट्रॉल म्हणतात ते, १२४ होतं आणि लॅबच्या कागदावर त्यापुढे कसलीही खूण नव्हती. तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी अटॅक आला, लातूरला नेऊन स्टेंट टाकला. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की कोलेस्ट्रॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन ऑक्सिडाइज होतं, पांढऱ्या पेशी ते खातात आणि आजार तिथून सुरू होतो. मुलाचं विचारणं असं: तिथं नेमकं काय होतं? ऑक्सिडेशन हेच मूळ असेल तर व्हिटॅमिन ई च्या गोळ्या द्यायच्या का? गावात सगळे करडईचं तेल सुरू करा म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि आता एलडीएल ५८ आलं आहे, तर कोलेस्ट्रॉल उतरवणारी रोजची स्टॅटिनची गोळी थांबवली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाला उशीर करून चालणार नाही, म्हणून तो आधी घेतो. गोळी थांबवू नका. ५८ हा आकडा गोळीनं आणलेला आहे. गोळी थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा १२४ च्या आसपास जाईल. अंबाजोगाईत एकोणतीस वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. "डॉक्टर साहेब, रिपोर्ट चांगला आला म्हणून बंद केली की," असं सांगणारा माणूस दुसऱ्या अटॅकनंतर समोर खाटेवर असतो. तेव्हा त्याला बोलून काही उपयोग नसतो, आणि मला वाटत राहतं की पहिल्याच वेळी आपण नीट समजावून सांगायला हवं होतं. त्यामुळे आज जरा सविस्तर लिहितो.

ऑक्सिडाइज झालेली चरबी म्हणजे काय, यासाठी आपल्या घरातच एक नेमका शब्द आहे: खवट. मे महिन्यात डब्यात राहिलेला शेंगदाण्याचा कूट, जुनं खोबरं, उघडी राहिलेली तेलाची बाटली, या सगळ्यांना येणारा वास म्हणजे तेलातल्या असंतृप्त चरबीला हवेतला ऑक्सिजन चिकटून तिचे तुकडे पडल्याची खूण. एलडीएलच्या कणातही अशीच चरबी असते. हा कण साधारण २२ नॅनोमीटर व्यासाचा गोळा आहे. आत कोलेस्ट्रॉलचे सुमारे दीड हजार रेणू फॅटी ॲसिडला बांधलेले, बाहेर फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीचं पातळ आवरण, आणि त्या आवरणाला वेढा घालून बसलेलं एकच लांबलचक प्रथिन, अपोबी-१००. त्यात ४,५३६ अमिनो ॲसिड असतात. कणासोबत व्हिटॅमिन ई चे मोजकेच रेणू राखणीला असतात.

रक्तात फिरताना हा कण सहसा खवट होत नाही, कारण रक्तातच ऑक्सिडेशन रोखणारी पुष्कळ द्रव्यं आहेत. बिघाड होतो तो भिंतीत. रक्तवाहिनीला जिथं फाटा फुटतो, वळण येतं, तिथं प्रवाह सरळ राहत नाही. पाटाच्या वळणावर गाळ साठतो हे तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. अशा जागी आतलं अस्तर जरा सैल पडतं, एलडीएलचे कण त्याखाली शिरतात, आणि तिथल्या प्रोटिओग्लायकन नावाच्या चिकट धाग्यांना अपोबीचे धनभारित भाग अडकतात. रक्तातून जाणारा कण मिनिटांत पुढे गेला असता. इथं तो अडकून पडतो, आणि आजूबाजूच्या पेशींची एन्झाइम त्याच्यावर काम करू लागतात. चरबी फुटून तयार झालेले अल्डिहाइड अपोबीला चिकटतात आणि त्या प्रथिनाचा चेहराच बदलून जातो.

चेहरा बदलला याला इतकं महत्त्व का, हे समजायला थोडा इतिहास सांगावा लागेल. कोलेस्ट्रॉल चारल्यावर सशांच्या रक्तवाहिन्यांत चरबीनं भरलेल्या पेशी दिसतात, हे निकोलाय अनिचकोव्ह यांनी १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दाखवलं. चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारख्या दिसणाऱ्या या पेशींना फोम सेल म्हणतात. त्यातल्या पुष्कळशा मुळात मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळून साफसफाई करणाऱ्या आपल्याच प्रतिकारपेशी. पुढे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी पेशीवरचं एलडीएल आत घेणारं दार, म्हणजे एलडीएल रिसेप्टर, शोधलं. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. पण त्यांच्यापुढे एक कोडं उभं राहिलं. काही मुलांमध्ये जन्मतःच हे दार नसतं. तर मग त्यांच्या मॅक्रोफेजमध्ये चरबी जायलाच नको होती. प्रत्यक्षात त्यांच्याच रक्तवाहिन्या फोम सेलनी सर्वांत आधी भरतात, आणि अटॅक शाळकरी वयात येऊ शकतो. शिवाय प्रयोगशाळेत निरोगी मॅक्रोफेजना साधं एलडीएल कितीही दिलं तरी त्या फुगेनात.

याचा अर्थ दार दुसरं होतं. १९७९ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं की एलडीएलमध्ये रासायनिक बदल केला की मॅक्रोफेज ते अधाशासारखं गिळतात. तो बदल मात्र शरीरात होणारा नव्हता. मग कॅलिफोर्नियात डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटानं एलडीएल रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींसोबत ठेवून पाहिलं. एवढ्यानंच ते बदललं आणि मॅक्रोफेज ते गिळू लागल्या. हा बदल ऑक्सिडेशनचा आहे, हे १९८० च्या दशकात त्या गटानं सिद्ध केलं. त्यात संपत पार्थसारथी या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत व्हिटॅमिन ई घातलं की बदल थांबायचा. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दोन दारांतला फरक पाहू. एलडीएल रिसेप्टर हे हिशोबी दार आहे. पेशीत कोलेस्ट्रॉल पुरेसं झालं की पेशी ते दार कमी करते, जशी कणगी भरली की आपण ओतणं थांबवतो. खवट एलडीएल ज्यातून शिरतं ती स्कॅव्हेंजर रिसेप्टर, एसआर-ए, सीडी ३६ वगैरे, जंतू आणि मेलेल्या पेशींचा कचरा उचलण्यासाठी बनलेली आहेत. त्यांना पुरे म्हणणं माहीत नाही. जंतू समोर असताना पोट भरलं म्हणून थांबणारी पेशी माणसाला वाचवू शकली नसती. लाखो वर्षं उपयोगी पडलेला हा गुण इथं अंगाशी येतो. चेहरा बदललेला कण पेशीला कचऱ्यासारखा, जंतूसारखा दिसतो, आणि ती गिळत राहते.

सुरुवातीला हे गिळणं चांगलंच असतं, हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ जण मॅक्रोफेजना खलनायक समजतात. ती पेशी आत आलेलं कोलेस्ट्रॉल थेंबांत बांधून निरुपद्रवी करून ठेवते आणि एबीसीए-१ नावाच्या पंपातून एचडीएलच्या, म्हणजे कोलेस्ट्रॉल यकृताकडे परत नेणाऱ्या कणांच्या, हवाली करते. आवक बेताची असेल तर ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालते. आवक जास्त झाली की बिघाड सुरू होतो. भरलेली मॅक्रोफेज जागची हलत नाही, तिथून बाहेर पडण्याची तिची क्षमता कमी होते. खवट चरबीचा धोक्याचा इशारा मिळून अस्तरावर चिकट रेणू उगवतात, रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना धरून भिंतीत उतरतात आणि नवीन मॅक्रोफेज बनतात. त्याही गिळतात, त्याही अडकतात. भिंतीतल्या स्नायूपेशीसुद्धा पुढे चरबी भरून घेऊ लागतात.

मग स्फटिकांचा टप्पा येतो. पेशीत मोकळं कोलेस्ट्रॉल फार झालं की त्याचे सुईसारखे स्फटिक बनतात. हे स्फटिक पेशीतल्या पचनाच्या पिशव्या फाडतात आणि त्यामुळे एनएलआरपी-३ नावाची आतली धोक्याची घंटा वाजते, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. घंटा वाजली की सूज वाढवणारं इंटरल्युकिन-१ बीटा हे द्रव्य बाहेर पडतं, त्यातून इंटरल्युकिन-६, त्यातून यकृतात सीआरपी हे प्रथिन. तुमच्या कागदांमध्ये एचएससीआरपी नावाची तपासणी असेल तर ती या साखळीचं शेवटचं टोक मोजते. सांधा संधिवातानं सुजतो त्याच जातीची ही सूज, फक्त ती हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत असते आणि तिला वेदना नसते.

माझ्या मते यातला सर्वांत घातक भाग यानंतरचा आहे आणि त्याबद्दल रुग्णांना फारसं कोणी सांगत नाही. मॅक्रोफेज मरतात, हे रोजचंच आहे. निरोगी जागी शेजारची पेशी मेलेलीला अलगद गिळून टाकते, मागमूस राहत नाही. खवट चरबीनं भरलेल्या पेशींना हे काम जमेनासं होतं. मेलेल्या पेशी तशाच फुटतात, त्यांच्यातली चरबी, एन्झाइम, स्फटिक सगळं तिथंच सांडतं आणि प्लाकच्या, म्हणजे भिंतीत चरबी आणि पेशी साठून आलेल्या उंचवट्याच्या, पोटात मेलेल्या ऊतींचा मऊ लगदा साठतो. त्यावर तंतूंची एक टोपी असते. आतल्या पेशी टोपीचं कोलॅजन, म्हणजे तंतूंचं प्रथिन, तोडणारी एन्झाइम सोडतात, टी-पेशी या दुसऱ्या प्रतिकारपेशींचं इंटरफेरॉन गॅमा हे द्रव्य नवीन कोलॅजन बनू देत नाही. दोन्हीकडून टोपी पातळ होते. एक दिवस ती फाटते, लगद्याला रक्त लागतं, काही मिनिटांत गुठळी. फाटण्याआधी असा प्लाक पुष्कळदा नळी अर्धीसुद्धा अडवत नाही. म्हणून आदल्या दिवशीपर्यंत माणूस औत हाकत असतो, चढ चढला तरी छातीत काही वाटत नाही. तुमच्या वडिलांनी दुखणं अंगावर काढलं, लपवलं, असं घरात कोणी म्हणत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. बहुधा लपवण्यासारखं काही जाणवतच नव्हतं.

प्रतिकारशक्तीचा अजून एक पदर मला फार विलक्षण वाटतो. खवट फॉस्फोलिपिडचा जो भाग आपल्या अँटिबॉडी ओळखतात, तोच न्यूमोनियाच्या न्यूमोकोकस जंतूच्या अंगावरही असतो. २००३ मध्ये उंदरांना हा जंतू लसीसारखा टोचला तर त्यांच्यात अँटिबॉडी वाढल्या आणि प्लाक कमी झाला. यावरून न्यूमोनियाची लस घेतली की हृदय वाचतं असा निष्कर्ष माणसांसाठी काढता येत नाही. फ्लूची लस मात्र अटॅक आलेल्या माणसानं दरवर्षी घ्यावी. तिचा फायदा अटॅकच्या रुग्णांवरच्या चाचणीत दिसला आहे.

आता १२४ ला नॉर्मल का म्हटलं, याकडे येतो. लॅबच्या कागदावरची मर्यादा म्हणजे शरीराला सोसणारा आकडा नव्हे. नवजात बाळाचं एलडीएल त्याच्या निम्म्याहूनही कमी असतं. भिंतीत किती कण अडकतील हे आकडा गुणिले वर्षं या हिशोबावर ठरतं, आणि कणांची संख्या एलडीएलच्या आकड्यातून नेहमी कळत नाही. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या, पण पोटाभोवती चरबी असलेल्या माणसांत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, जास्त आणि एलडीएलचे कण लहान, दाट आणि संख्येनं जास्त, असं चित्र वारंवार दिसतं. हे लहान कण लवकर खवट होतात. प्रत्येक कणावर अपोबी एकच असतं, म्हणून शक्य असेल तर अपोबी तपासा, त्यातून कणांची संख्या कळते. नसेल तर एकूण कोलेस्ट्रॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा पाहा, त्याला वेगळा पैसा पडत नाही.

दुसरी तपासणी लायपोप्रोटीन-ए, हा एलडीएलसारखाच एक कण. रक्तात खवट फॉस्फोलिपिड वाहून नेणारा मुख्य कण हाच. तो आनुवंशिक आहे, जेवणानं फारसा बदलत नाही, आणि दक्षिण आशियाई लोकांत साधारण चौघांतल्या एकात तो डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असतो. आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक ५३ व्या वर्षाच्या सुमारास आला, इतर देशांत ५९ च्या आसपास. तुमचे वडील दुर्दैवानं नेमके त्याच वयातले. प्रश्नात बिडी, तंबाखू, गुटखा आणि साखर यांचा उल्लेख नाही. यातलं काहीही असेल तर ते आकड्याइतकंच, कदाचित जास्त महत्त्वाचं आहे. धूर थेट ऑक्सिडेशन वाढवतो आणि अस्तर दुखावतो. तळहातावर मळलेला तंबाखू धुराचा नाही म्हणून निर्धोक, असं समजू नका.

व्हिटॅमिन ई. १९९० च्या दशकाच्या शेवटी मी स्वतः या गोळ्या लिहून दिल्या आहेत, मनापासून विश्वास ठेवून. तर्क सुंदर होता: बशीत ऑक्सिडेशन थांबतं, सशांमध्ये ऑक्सिडेशन रोखणाऱ्या औषधानं प्लाक कमी झाला, मग माणसांत का नाही? २००० मध्ये होप चाचणीचा निकाल आला. साडेनऊ हजार लोक, साडेचार वर्षं, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई, फायदा शून्य. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या वीस हजारांवर लोकांच्या चाचणीत ई, सी आणि बीटा कॅरोटीन एकत्र दिलं, तरी अटॅक कमी झाले नाहीत. त्याच चाचणीत सिम्वास्टॅटिननं मात्र झाले. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर वाढला. तेव्हापासून मी या गोळ्या लिहीत नाही, आणि आधी दिलेल्यांना बोलावून बंद करायला सांगितल्या. "ऑक्सिडाइज्ड एलडीएल" नावाची महागडी तपासणी कोणी सुचवली तरी तिच्यावर पैसे घालू नका. तिच्या निकालानं उपचार बदलत नाहीत.

मग ऑक्सिडेशनची सगळी गोष्ट खोटी ठरली का? नाही. चुकली ती उपायाची जागा. पन्नाशीत आलेल्या माणसाच्या भिंतीत हे काम तीन दशकं चाललेलं असतं, आणि तिथं चरबी बिघडवणाऱ्या वाटा अनेक आहेत. त्यातल्या काहींना व्हिटॅमिन ई अडवूच शकत नाही. खवट होणं थांबवण्यापेक्षा खवट होणारा मालच कमी आत जाऊ द्यायचा, हा मार्ग टिकला. अमेरिकेत काही कृष्णवर्णीय लोकांत एलडीएलची दारं कमी करणाऱ्या पीसीएसके-९ जनुकाची एक प्रत जन्मापासून निकामी असते, त्यामुळे एलडीएल आयुष्यभर सुमारे २८ टक्के कमी राहतं. २००६ मधल्या अभ्यासात त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्के कमी आढळला. आवक थोडी पण लहानपणापासून कमी असली तर मॅक्रोफेजना आपलं काम निभावता येतं, असं मी यातून समजतो. उशिरा सुरू केलेल्या स्टॅटिननंही एलडीएल ३९ मिलिग्रॅमनं उतरलं की अटॅक, स्ट्रोक अशा घटना साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होतात. रक्तवाहिनीत बारीक तपासयंत्र घालून पाहिलेल्या अभ्यासांत स्टॅटिनवर प्लाकची टोपी जाड झालेली दिसली. तुमच्या वडिलांसाठी लक्ष्य ५५ च्या खाली आहे. ५८ म्हणजे जवळ आलात, पण अजून पोचला नाहीत. पुढच्या भेटीत एझेटिमाइब, म्हणजे आतड्यातून कोलेस्ट्रॉल शोषलं जाणं कमी करणारं औषध, जोडायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

सूज थेट कमी करण्याचे प्रयत्नही झाले. २०१७ च्या कँटॉस चाचणीत दहा हजारांवर रुग्ण होते, त्यातल्या काहींना इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारं इंजेक्शन दिलं आणि काहींना नुसतं नकली इंजेक्शन. कोलेस्ट्रॉलला हात न लावता घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. या पेशींची सूज खरोखर अटॅक घडवते, याचा तो पहिला ठोस पुरावा. पण जीवघेणे संसर्ग थोडे वाढले आणि औषध प्रचंड महाग. गाऊटसाठी वापरतात ते स्वस्त कोल्चिसिन, रोज अर्धा मिलिग्रॅम, जुन्या हृदयरुग्णांत २०२० मध्ये उपयोगी ठरलं. अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्यांच्या २०२४ मधल्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. त्यामुळे ते दुकानातून परस्पर आणू नका. किडनी कमजोर असेल किंवा काही ठराविक अँटिबायोटिक सुरू असतील तर ते विषारी ठरू शकतं.

तेलाचं बोलायचं तर करडई आपल्या मातीतलं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिच्यावर बरंच काम केलं आहे आणि तिचा पेरा घटत गेल्याचं मलाही वाईट वाटतं. तिच्या तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलिक ॲसिड असतं. डालडा किंवा पामतेलाच्या जागी ते आलं तर एलडीएल उतरतं. पण हेच ॲसिड लवकर खवट होतं. म्हणून घाण्याचं तेल लहान बाटलीत आणा, उन्हापासून लांब ठेवा, फोडणीला वापरा, तळणीच्या कढईत पुन्हा पुन्हा तापवू नका. खाण्यातली खवट चरबी काही अंशी आतड्यातून येणाऱ्या चरबीच्या कणांत उतरते, हे माणसांत दाखवलं गेलं आहे. बसस्टँडवरच्या काळ्या तेलातली भजी वडिलांना आता नकोत. हॉटेलांतल्या तळणाच्या तेलात बिघडलेल्या घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम २०१८ पासून आहे, पण गाड्यावर ते मोजायला कोणी येत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी हे जेवण चांगलंच आहे, ते चालू ठेवा. फक्त कुठलंही तेल गोळीची जागा घेणार नाही.

तुमचं स्वतःचं वय प्रश्नात नाही. वडिलांना ५५ च्या आत अटॅक आला, म्हणजे तुमची आणि तुमच्या भावंडांची गणतीही जास्त धोक्यात होते. लिपिड प्रोफाइल आणि लायपोप्रोटीन-ए एकदा करून घ्या, उपाशीपोटी जायची गरज नाही. वडिलांना पुढच्या तपासणीला न्याल तेव्हा दोघांचे कागद सोबत ठेवा आणि १२४ चा जुना रिपोर्टही घ्या. गोळी सुरू होण्याआधीचा आकडा त्यावरच आहे, आणि डोस ठरवताना डॉक्टरांना तो लागेल.